कोडीनच्या गोळ्या सोडताना तिसरा दिवस का अंगावर येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या आहेत, नोकरी करतात. चार वर्षांपूर्वी अर्धशिशीसाठी कोडीन आणि पॅरासिटामॉल ही दोन वेदनाशामके एकत्र असलेली गोळी सुरू झाली. आधी महिन्यातून तीन-चार, मग रोज, आता दिवसाला 14. एका गोळीत 15 मिलिग्रॅम कोडीन आणि 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. डोके आता जवळजवळ रोजच दुखते. दोनदा एकदम बंद करून पाहिले, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा गोळी घेतली. घरात कोणाला माहीत नाही. ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?’ असे त्यांनी शेवटी विचारले आहे.

त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. इच्छाशक्तीचा इथे फारसा संबंध नाही. चार वर्षे ज्या शरीराला दर काही तासांनी कोडीन मिळत होते, त्याला एका रात्रीत शून्यावर आणले तर तिसऱ्या दिवशी ते भल्याभल्यांना गुडघे टेकायला लावते. दोन्ही वेळा चुकला तो वेग. वेग कसा ठरवायचा ते पुढे सविस्तर लिहिते. पण त्याआधी एक काम आहे आणि ते आजच करायचे आहे.

तुम्ही लिहिले आहे ते सगळे कोडीनबद्दल. मला काळजी वाटली ती त्याच्या जोडीदाराची. 14 गोळ्या म्हणजे 7000 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. धडधाकट प्रौढ माणसाला 24 तासांत जास्तीत जास्त 4000 मिलिग्रॅम चालते. वजन कमी असेल, जेवण धड होत नसेल, दारू घेतली जात असेल किंवा यकृत आधीच नाजूक असेल तर त्याहूनही कमी. कोडीनला शरीर सरावते, म्हणूनच तीन गोळ्यांवरून चौदावर येता येते. पॅरासिटामॉलला यकृत तसे सरावत नाही. शिवाय यकृताला इजा होऊ लागली तरी पहिला दिवस-दोन दिवस माणसाला काही जाणवत नाही. म्हणून आजच डॉक्टरांना गाठा आणि खरा आकडा सांगा. यकृताची तपासणी, रक्त गोठण्याची तपासणी, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनीन आणि रक्तातले पॅरासिटामॉलचे प्रमाण हे सगळे एकाच वेळी रक्त घेऊन होते. गरज पडली तर ॲसिटिलसिस्टीन हा चांगला उतारा आहे, मात्र तो जितक्या लवकर मिळेल तितका जास्त उपयोगी. उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणे, डोळ्यांत पिवळेपणा, गडद लघवी, गुंगी यांतले काहीही असेल तर दवाखाना उघडायची वाट बघू नका, थेट तातडीच्या विभागात जा. मधल्या काळात सर्दी-तापाची कुठलीही गोळी स्वतःहून घेऊ नका. त्यांतल्या अनेकांत पॅरासिटामॉल असतेच.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी कोडीन आणि आयब्युप्रोफेनची जोडगोळी घेत असेल तर धोका वेगळ्या जागी आहे. तिथे जठरात जखमा होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बिघडतात आणि रक्तातले पोटॅशियम इतके उतरते की हातापायांतले बळ जाते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2022 मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला, कारण दीर्घकाळ आणि ठरल्यापेक्षा जास्त मात्रेत ही गोळी घेणाऱ्यांचे मृत्यूही झाले होते. शौचाला काळे होणे, रक्ताची उलटी किंवा पाय लटपटणे ही तिथली धोक्याची लक्षणे.

तपासण्या झाल्या की उपचाराची पहिली पायरी म्हणजे ही जोडी फोडणे. डॉक्टर तुम्हाला नुसत्या कोडीनच्या गोळ्या लिहून देऊ शकतात. तुमचे दिवसाचे कोडीन 210 मिलिग्रॅम आहे. तेवढेच कोडीन ठेवून पॅरासिटामॉल एका दिवसात सुरक्षित पातळीवर आणता येते किंवा पार थांबवता येते. शरीराला कोडीन कमी झाल्याचे जाणवतच नाही, कारण ते कमी झालेलेच नसते. जिथे नुसते कोडीन मिळत नाही तिथे डॉक्टर दुसरे ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचे औषध, योजतात. मात्र हा बदल स्वतःच्या हिशेबाने करू नका. ओपिऑइड औषधे मिलिग्रॅमला मिलिग्रॅम अशी बदलता येत नाहीत, आणि ती चूक जिवावर बेतते.

आता 210 मिलिग्रॅम म्हणजे किती? ढोबळ हिशेबाने 100 मिलिग्रॅम कोडीन म्हणजे तोंडाने घेतलेले 10 मिलिग्रॅम मॉर्फिन. हो, मॉर्फिनच. रोबिके नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने 1832 मध्ये अफूपासून कोडीन वेगळे केले. तेव्हापासून ते ‘सौम्य’ म्हणून ओळखले जाते, आणि या एका शब्दाने फार लोकांना गाफील ठेवले आहे. कोडीन स्वतः फारसे काही करत नाही. यकृतातले एक एन्झाइम त्याचा साधारण दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी भाग मॉर्फिनमध्ये बदलते, आणि वेदना शमते ती मुख्यतः त्या मॉर्फिनमुळे. हे एन्झाइम प्रत्येकात सारखे नसते. काहींमध्ये ते जवळजवळ कामच करत नाही, त्यांना कोडीनने दुखणे थांबत नाही. काहींमध्ये ते इतके तडाख्याने काम करते की नेहमीची मात्राही विषासारखी चढते. टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुले अशीच दगावली. अमेरिकेत 2013 मध्ये त्यावर कडक इशारा आला आणि 2017 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी कोडीन वर्ज्य ठरले.

याच एन्झाइममुळे सोडण्याच्या काळात एक गंमत नसलेला घोळ होतो, आणि तो मी अनेकदा पाहिला आहे. मात्रा कमी होत असताना मन खचते, कोणीतरी नैराश्यावरचे औषध सुरू करते. फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन किंवा ब्युप्रोपिऑन असेल तर ते हेच एन्झाइम अडवते. गोळ्या तितक्याच, पण शरीरात तयार होणारे मॉर्फिन अचानक घटते. रुग्णाला वाटते, आपण काहीच बदलले नाही तरी अंग का मोडून आले? नैराश्यावर उपचार जरूर घ्या, तो घ्यायलाच हवा. फक्त लिहून देणाऱ्याला कोडीनबद्दल माहीत असू द्या, म्हणजे दुसरे औषध निवडता येते.

तिसऱ्या दिवसाकडे येते. कोडीनचा असर काही तासांत ओसरतो. शेवटच्या गोळीनंतर आठ ते चोवीस तासांत शरीर मागणी सुरू करते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोचतो आणि पुढे साधारण आठवडा-दहा दिवसांत बराचसा उतरतो. माझ्यासमोर बसलेला माणूस त्या टप्प्यात असेल तर त्याने तोंड उघडण्याआधी ते कळते. भर दुपारी एकामागून एक जांभया, नाक आणि डोळे वाहताहेत, दंडावर काटा, बाहुल्या मोठ्या, आणि टेबलाखाली गुडघा थांबता थांबत नाही. पोटात पिळवटून जुलाब होतात, घाम फुटतो आणि लगेच थंडी वाजते. रात्री पाय कुठे ठेवावेत कळत नाही. वर जीव कासावीस. आणि तुमच्या बाबतीत यात भर म्हणजे डोके, जे नेमके याच दिवसांत सर्वांत जास्त दुखते. एक गोळी घेतली की हे सगळे अर्ध्या-पाऊण तासात विरते. अशा वेळी गोळी घेणाऱ्याला दुबळे म्हणणाऱ्याने तो तिसरा दिवस पाहिलेला नसतो. एरवी निरोगी माणसाला हा त्रास सहसा जिवावरचा नसतो. उलट्या-जुलाबांनी पाणी फार गेले, हृदयविकार असला किंवा दिवस गेलेले असले तर मात्र गोष्ट वेगळी. गरोदरपणी एकदम बंद करणे तर कटाक्षाने टाळायचे.

वेगाचा हिशेब असा. चालू मात्रेच्या दहा टक्क्यांच्या आसपास कमी करायचे आणि एक-दोन आठवडे तिथे स्थिरावायचे. तुमच्या बाबतीत एक पायरी म्हणजे 15 मिलिग्रॅम. चौदा पायऱ्या. आठवड्याला एक उतरलात तर सव्वातीन महिने, दोन आठवड्यांना एक उतरलात तर साडेसहा. यापेक्षा सावकाशही चालते. घाईला बक्षीस नाही. ज्या आठवड्यात ऑफिसात कामाचा डोंगर आहे किंवा घरात आजारपण आहे, त्या आठवड्यात आहे त्या पायरीवर थांबा. थांबायला हरकत नाही, फक्त पुन्हा वर चढणे टाळा, कारण वर गेलेली मात्रा खाली आणायला दुप्पट जोर लागतो.

दुसरे म्हणजे गोळी घड्याळाप्रमाणे घ्यायची, दुखण्याप्रमाणे नाही. दुखले की गोळी, हीच गाठ मेंदूत चार वर्षे घट्ट होत आली आहे. दिवसाची मात्रा चार समान वाट्यांत विभागून ठरल्या वेळी घेतली की ती गाठ हळूहळू सैल होते. कमी करताना आधी दुपारचा वाटा घटवावा, रात्रीचा सर्वांत शेवटी, कारण झोप मोडली की दुसऱ्या दिवशीचा संयमही मोडतो.

आणि तिसरे, ज्याच्यावर माझा सर्वांत जास्त भर असतो: गोळ्या तुमच्या ताब्यात नकोत. एक बाई वर्षानुवर्षे गोळ्यांची पट्टी चष्म्याच्या डबीत ठेवायच्या. पर्समध्ये, स्वयंपाकघरात, गाडीत अशा आणखी चार जागा होत्या. पहिल्या भेटीत मी त्यांना सगळ्या जागांवरच्या पट्ट्या आणायला सांगितल्या. टेबलावर ढीग झाला. मग त्यांच्या बहिणीने सात दिवसांची, रोजच्या चार कप्प्यांची डबी घेतली. आठवड्याच्या आठवड्याला ती डबी भरायची आणि उरलेल्या गोळ्या स्वतःकडे कुलपात ठेवायची. मोहाचा क्षण बहुधा वीस-तीस मिनिटांचा असतो. त्या वेळात हाताशी जादा गोळी नसणे याची बरोबरी कुठल्याही निर्धाराला येत नाही. बहीण नसेल तर औषध दुकानदार किंवा दवाखाना आठवड्यापुरत्याच गोळ्या देऊ शकतो. तसे मागून घ्या.

शेवटच्या दोन गोळ्यांशी बहुतेकांचे घोडे अडते. याचे कारण साधे अंकगणित आहे. 210 वरून 195 वर येणे म्हणजे सात टक्के. 30 वरून 15 वर येणे म्हणजे निम्मे. पायरी तीच, पण शरीराला ती दरीसारखी वाटते. तिथे गोळी अर्धी करावी किंवा डॉक्टरांकडून पातळ औषध घेऊन अगदी बारीक पायऱ्या पाडाव्यात. ‘आता काय, दोनच राहिल्या’ म्हणून तिथे झटका मारणारे पुष्कळ जण तिथूनच माघारी फिरतात.

आता डोकेदुखी, कारण सारे काही सुरू झाले ते तिच्यापासून. कोडीनसारखी किंवा अशी मिश्र वेदनाशामके महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, सलग तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर त्या औषधांमुळेच डोके दुखू लागते. सकाळी उठल्या उठल्या दुखते, गोळीने तात्पुरते थांबते, असर उतरला की पुन्हा. म्हणजे आज तुमचे जे डोके रोज दुखते त्यातले मूळ अर्धशिशीचे किती आणि गोळ्यांचे किती, हे गोळ्या सुटल्याशिवाय कळणारच नाही. शिवाय दीर्घकाळच्या ओपिऑइडने मज्जासंस्था वेदनेला जास्तच संवेदनशील होते, हा आणखी एक थर. चांगली बातमी अशी की औषध सुटल्यावर काही आठवड्यांत, कधी दोनेक महिन्यांत, बऱ्याच जणांचे रोजचे दुखणे पुन्हा अधूनमधूनच्या अर्धशिशीवर येते. पण त्या अर्धशिशीचा बंदोबस्त आधीपासून हवा. प्रतिबंधक औषध (प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट वगैरे, तुमची प्रकृती पाहून) गोळ्या कमी करायला लागतानाच सुरू व्हावे. झटक्याच्या वेळी काय घ्यायचे आणि महिन्यातून किती वेळा, हे लिहून ठेवावे. हा भाग राहून गेला की पहिल्याच जोरदार झटक्याला माणूस जुन्या पट्टीकडे वळतो.

गोळ्या सोडतानाचा त्रास हलका करायला क्लोनिडीन, पोटातल्या मुरड्यांवरचे औषध, मळमळीवरचे औषध देता येते. क्लोनिडीनने रक्तदाब उतरतो, तेव्हा तो मोजून. मीठ-साखरेचे पाणी पीत राहा. जुलाबांवर लोपेरामाइड चालते, पण पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच. ते ओपिऑइड जातीचे आहे हे कळल्यावर काही जण त्याच्या मुठीच्या मुठी घेतात, आणि त्याने हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडतात. अमेरिकेच्या नियामकाने 2016 मध्ये खास याच कारणाने इशारा दिला होता. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलामसारखी औषधे, प्रेगाबालिन आणि दारू यांतले काहीही कोडीनच्या जोडीने स्वतःहून घेऊ नका. ती कोडीनसोबत मिळून श्वास मंदावतात, आणि बहुतेक मृत्यू अशा मिश्रणांतच होतात. झोप लवकर रुळावर येत नाही हे खरे. काहींना कित्येक आठवडे लागतात. ते लांबते म्हणून घाबरू नका, ते कायमचे नसते.

सगळ्यांना पायरीपायरीने जमते असे नाही. मात्रा खूप मोठी असेल, वेगवेगळ्या दुकानांतून गोळ्या आणल्या जात असतील, किंवा नीट आखूनही गाडी पुन्हा पुन्हा मूळ पदावर येत असेल तर ब्युप्रेनॉर्फिन हा उत्तम पर्याय आहे. तेही ओपिऑइड आहे, पण त्याचा असर ठरावीक पातळीच्या वर चढत नाही आणि दिवसभर टिकतो, त्यामुळे दर चार तासांची चढ-उतार संपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आणि त्याच कामाचे मेथाडोन 2005 पासून आहेत. ‘हे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे लावून घेणे’ असे नातेवाईक म्हणतात. मी त्यांना विचारते, माणूस वेळेवर जेवतो, झोपतो, कामावर जातो, खोटे बोलत नाही, चोरून गोळ्या आणत नाही, तर व्यसनातले उरले काय? एक सावधगिरी हवी: शेवटच्या कोडीननंतर पुरेसा वेळ जाऊन त्रास दिसू लागल्यावरच ते सुरू करायचे. घाई केली तर सगळा त्रास एकदम उसळतो. म्हणून पहिली मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

घरी सांगण्याबद्दल. तुम्ही लिहिले आहे की नवऱ्याला कळले तर त्यांचा विश्वास उडेल. तसा धक्का बसू शकतो, ते मी नाकारत नाही. पण लपवण्यात जी शक्ती रोज खर्च होते तीच पुढचे चार-सहा महिने लागणार आहे. एकाच माणसाला सांगा, निवड तुमची. नवराच हवा असे नाही. सांगताना गोळ्यांचा आकडा सांगा, किती काळ घेता ते सांगा आणि नेमके काय हवे ते मागा: ‘डबी तू भर, उरलेल्या कुलपात ठेव, आणि चिडचिड केली तर दोन महिने मनावर घेऊ नकोस.’ नेमके काम मिळाले की माणसे उपदेश कमी करतात. डॉक्टरांसमोरही आकडा कमी करून सांगू नका. निम्म्या आकड्यावर आखलेली उतरण पहिल्याच आठवड्यात कोसळते. वाटते तितके आश्चर्यही कोणी करणार नाही. हे इतके सर्रास आहे की फ्रान्सने 2017 मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये कोडीनची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री बंद केली. ब्रिटनमध्ये पाकिटावरच लिहिलेले असते की व्यसन लागू शकते, तीन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका.

सुटल्यानंतरची एक गोष्ट मात्र तुम्हाला आणि डबी भरणाऱ्या माणसाला दोघांनाही पाठ हवी. काही दिवस-आठवडे गोळी बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. पाय घसरला आणि त्या दिवशी जुन्या सवयीने पूर्वीइतक्या गोळ्या घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. जिथे मिळते तिथे नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडवरचा उतारा, घरात ठेवा आणि ते कसे द्यायचे ते त्या माणसाला शिकवून ठेवा. ओठ निळे पडले, घोरल्यासारखा अडखळता श्वास आला, हाक मारून जाग येत नसेल तर नॅलॉक्सोन द्यायचे आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची. आणि पाय घसरलाच तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवा. एका गोळीने चार महिन्यांची मेहनत वाया जात नाही. वाया जाते ती गोष्ट लपवून पुन्हा रोजची सुरुवात केली तर.

पुढे कधी दात काढायचा असला किंवा शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा इतिहास आधीच सांगा. याचा अर्थ तुम्ही वेदना सोसत पडायचे असा नाही. इतर वेदनाशामके, भागापुरती भूल, नसेजवळ दिलेले इंजेक्शन असे पुष्कळ मार्ग असतात, आणि ओपिऑइड लागलेच तर ते मोजक्या दिवसांचे, थांबवायची तारीख आधीच लिहून आणि गोळ्या पुन्हा त्याच माणसाच्या कुलपात.